गुंजनपक्ष्याचा जमाखर्च

पक्ष्यांच्या विशाल सृष्टीत गुंजनपक्ष्याइतका चिमुकला आणि त्याच्याइतका घाईत असलेला दुसरा पक्षी सापडणे कठीण. ह्या कुळातील सर्वांत लहान पक्षी क्यूबा बेटावर राहतो. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत त्याची लांबी पाच-सहा सेंटिमीटर भरते, आणि वजन सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी! ह्याच कुळातील सर्वांत मोठा पक्षी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर आढळतो. पण ह्या 'राक्षसा'चे वजनही वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगणातील चिमणीपेक्षा अधिक नाही.

गुंजनपक्षी हे केवळ अमेरिका खंडांचे रहिवासी आहेत. उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस टिएरा डेल फ्यूगोपर्यंत त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आढळतात. भारतात, किंबहुना आशिया, आफ्रिका, युरोप व ऑस्ट्रेलिया ह्यांपैकी कोठेही, आज एकही गुंजनपक्षी रानात वावरत नाही. ह्याचे जवळचे नातलग म्हणजे आपल्याकडे जुन्या इमारतींभोवती भिरभिरणाऱ्या पाकोळ्या. उडताना ह्याच्या पंखांतून भुंग्यासारखा अखंड गुणगुणाट निघतो. त्यावरूनच त्यास इंग्रजीत 'हमिंगबर्ड' आणि मराठीत 'गुंजनपक्षी' हे नाव पडले.

ह्या पक्ष्याचे मुख्य अन्न म्हणजे फुलांतील मध. तेव्हा फुलांऐवजी साखरेचे पाणी समोर ठेवले तर तो येईल काय? येतो, आणि अगदी खिडकीशी येतो. म्हणून अमेरिकेत अनेक घरांच्या परसात, ओसरीवर किंवा खिडकीबाहेर साखरपाण्याची एक लहान बाटली टांगलेली दिसते. तिला तेथे 'फीडर' म्हणतात. तिच्या बुडाशी फुलाच्या आकाराची बारीक भोके असतात. पक्षी त्यांत चोच घालतो, पाणी पितो आणि क्षणार्धात निघून जातो. घरातील मुले व वृद्ध माणसे काचेआडून हा सोहळा तासन्‌तास पाहतात. परंतु ही बाटली म्हणजे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. ह्या पक्ष्याविषयी माणसास जे ज्ञान झाले, त्यातील बराच भाग साखरपाण्याच्या अशाच पात्रांपाशी बसून मिळालेला आहे.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ते त्याचे अधांतरी थांबणे. बाटलीस बसण्यासाठी दांडी नसली तरी त्याचे अडत नाही. जणू अदृश्य दोऱ्याने टांगला असावा तसा तो हवेत एका जागी स्थिर राहतो. पिणे झाले की सरळ मागे सरकतो, आणि मग वळून बाणासारखा नाहीसा होतो. असे मागे मागे उडत जाण्यात ह्याचा हात धरणारा दुसरा पक्षी नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणारा माणिककंठी गुंजनपक्षी सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हालवतो. त्यामुळे डोळ्यांना पंख दिसतच नाहीत. दिसते ती दोन्ही बाजूंची धूसर झालर.

हे त्यास साधते कसे? इतर पक्षी पंख खाली मारतात तेव्हा त्यांना उचल मिळते. पंख वर नेताना फारशी मिळत नाही. गुंजनपक्ष्याचा पंख मात्र खांद्यापाशी असा फिरतो की, पुढे येताना आणि मागे जाताना तो हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढतो. २००५ साली डग्लस वॉरिक व त्यांचे सहकारी ह्यांनी काही गुंजनपक्ष्यांना पिचकारीच्या नळीतून साखरपाणी पाजले, आणि ते पीत असताना भोवतालच्या हवेत ऑलिव्ह तेलाचे अतिसूक्ष्म धुके सोडले. त्या धुक्यावर प्रखर किरण टाकून छायाचित्रे घेतली, तेव्हा पंखांनी हवा कशी ढवळली जाते हे स्पष्ट दिसले. शरीर तोलण्यासाठी लागणाऱ्या बळापैकी सुमारे तीन चतुर्थांश बळ पंखांच्या खालच्या फटक्यातून आणि उरलेले एक चतुर्थांश वरच्या फटक्यातून मिळते, असे त्यांना आढळले.

परंतु ही करामत फुकट होत नाही. अधांतरी उडणे हे अतिशय खर्चाचे काम आहे. त्या वेळी गुंजनपक्ष्याचे हृदय मिनिटाला हजाराहूनही अधिक ठोके देऊ शकते. त्यातच शरीर इवलेसे, त्यामुळे अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. ती भरून काढण्यासाठी त्यास दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी पोटात घालावे लागते. दिवसाकाठी तो आपल्या वजनाच्या सुमारे निम्मी साखर पचवतो. तीस किलो वजनाच्या मुलाने रोज पंधरा किलो साखर खावी, तसाच हा प्रकार! शरीराच्या वाढीसाठी तो चिलटे, लहान कोळी असे जीवही टिपतो. पण उडण्याचे बळ त्यास साखरेतूनच मिळते.

रोज कमवावे तेव्हा रोज खावे अशी ज्याची स्थिती असते, त्याचे 'हातावर पोट आहे' असे आपण म्हणतो. गुंजनपक्ष्याचे पोट खरोखरच पंखांवर असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाटलीपाशी दिसणाऱ्या त्याच्या साऱ्या वागणुकीचा उलगडा होऊ लागतो.

त्याचे पिणेच पाहा. कोणतीही वस्तू सावकाश ओढून पिण्यास त्यास सवडच नाही. तो आपली लांब, चिरलेल्या टोकाची जीभ सेकंदाला दहा-पंधरा वेळा आतबाहेर करतो. समईच्या वातीत जसे तेल आपोआप चढते, तसाच मध ह्या जिभेत चढत असावा, अशी दीर्घकाळ समजूत होती. २०११ साली कनेक्टिकट विद्यापीठातील अलेहांद्रो रिको-गेवारा व मार्गारेट रुबेगा ह्या अभ्यासकांनी पारदर्शक पात्रांतून पिणाऱ्या पक्ष्यांची अतिवेगवान चलच्चित्रे घेतली. त्यांत निराळेच दृश्य दिसले. जीभ पाण्यात शिरताच तिची दोन टोके अलग होतात आणि त्यांच्या कडांची बारीक झालर उलगडते. जीभ बाहेर येऊ लागली की ती झालर मिटते आणि मध आत कोंडला जातो. म्हणजे ही जीभ वातीसारखी स्वस्थ बसून मध शोषत नाही. मूठ मिटावी तशी ती मध पकडून आणते. वर्षानुवर्षे साऱ्यांनी खरी मानलेली गोष्ट एका बाटलीपाशी नीट पाहिल्याने खोटी ठरली.

बाटलीपाशी सर्वांत अधिक गलका होतो तो भांडणांचा. एखादा नर जवळच्या फांदीवर ठाण मांडून बसतो. दुसरा कोणी बाटलीकडे फिरकला की हा तीरासारखा सुटतो, चिवचिवत त्याचा पाठलाग करतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. त्याच्या गळ्याकडे पाहावे, तर एका क्षणी तो काळा दिसतो आणि मान वळताच निखाऱ्यासारखा लाल पेटतो. कारण तेथील तांबडेपणा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या बारीक रचनेवर पडणाऱ्या प्रकाशाचा खेळ असतो. बाटलीत पाणी सर्वांना पुरून उरेल इतके असते. मग ही हाव कशासाठी? पाहणाऱ्यास तो पक्षी स्वार्थी व कजाग वाटतो. पण रानात एकेका फुलात मधाचा थेंबभरच अंश असतो, आणि एकदा प्यालेले फूल पुन्हा भरण्यास वेळ लागतो. फुलांचा एखादा ताटवा दुसऱ्याने रिकामा केला, तर दिवसाचा हिशोबच चुकतो. म्हणून हातातील ताटवा राखणे ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि बाटली ही त्याच्या दृष्टीने कधी न आटणारा ताटवा होय.

तरीही हा राखणदार आंधळा नसतो. बाटलीवर एक-दोन पाहुणे आले तर तो त्यांना हुसकावतो; दहा-वीस आले की पाठलाग करण्यात मिळकतीपेक्षा खर्च अधिक होतो. मग तो भांडण सोडतो आणि इतरांच्या रांगेत निमूटपणे पिऊ लागतो. ज्यांना हे ठाऊक असते ते लोक एक मोठी बाटली टांगण्याऐवजी लहान लहान बाटल्या एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा ठेवतात. त्यामुळे माद्यांना व पिल्लांनाही आपला वाटा मिळतो.

ज्याला खर्चाची चिंता असते, त्याला स्मरणही तल्लख ठेवावे लागते. बाटली धुण्यासाठी घरात नेली, तर पक्षी येऊन ती जेथे टांगलेली असते नेमक्या त्या रिकाम्या जागी हवेत थांबतो, जणू 'माझे पाणी कोठे गेले?' असे विचारतो. ही स्मरणशक्ती किती सूक्ष्म आहे, ह्याची परीक्षा कॅनडातील रॉकी पर्वतात झाली. सुझन हीली, अँड्र्यू हर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील तांबूस गुंजनपक्ष्यांसमोर आठ कृत्रिम फुले मांडली. त्यांपैकी चार फुले रिकामी झाल्यावर दहा मिनिटांनी भरली जात, आणि उरलेली चार वीस मिनिटांनी. पक्ष्यांनी थोड्याच दिवसांत हा भेद ओळखला. दहा मिनिटांच्या फुलांकडे ते लवकर परतत, वीस मिनिटांच्या फुलांकडे उशिराने. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घड्याळ नाही, वही नाही. तरीही कोणते फूल कोठे आहे आणि तेथे केव्हा जावे, ह्याचा हिशोब तो तांदळाच्या दाण्याएवढा मेंदू बिनचूक ठेवतो!

गुंजनपक्ष्यास लाल रंगच आवडतो, ही समजूतही बाटलीपाशीच पारखली गेली. अमेरिकेतील आयोवा राज्यातील नॅशनल नावाच्या खेड्यात ॲल्थिया शर्मन नावाची विदुषी राहत असे. ती मूळची चित्रकार. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी ती गावी परतली होती. १९०७ सालापासून सात उन्हाळे तिने आपल्या अंगणात साखरपाण्याच्या लहान बाटल्या टांगून गुंजनपक्ष्यांची निरीक्षणे केली. प्रथम तिने बाटलीस रंगविलेले कृत्रिम फूल बांधले, पक्षी आले. एवढ्यावर समाधान न मानता तिने स्वतःस प्रश्न केला, 'फूल नसते तर ते आले असते काय?' तिने मग काहीही न सजवलेली साधी बाटली ठेवली. पक्ष्यांनी तीही शोधून काढली! लाल रंग लक्ष वेधून घेतो हे खरे. पण पक्षी एकदा गोडी चाखली की ती जागा ध्यानात ठेवतो, मग रंग कोणताही असो. तिचा हा लेख १९१३ साली प्रसिद्ध झाला. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. काही बाटल्या, साखर, वही आणि अमाप चिकाटी एवढेच तिचे भांडवल होते.

तिच्या प्रश्नाचा धागा पुढे कितीतरी दूर गेला. कोलोरॅडो राज्यातील डोंगरात मेरी कॅसवेल स्टॉडर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन पात्रे ठेवली; एकात साखरपाणी, दुसऱ्यात साधे पाणी. प्रत्येकाशेजारी एकेका रंगाचा दिवा होता. पात्रांच्या जागा वरचेवर बदलल्या जात, म्हणजे पक्ष्यास जागा लक्षात ठेवून भागत नसे. दिव्याचा रंगच ओळखावा लागे. काही वेळा दोन्ही दिवे माणसांना सारखेच हिरवे दिसत, परंतु एकात माणसास न दिसणारा अतिनील प्रकाश मिसळलेला असे. पक्षी मात्र बरोबर गोड पाण्याच्या दिव्याकडे जाण्यास शिकले. माणसाच्या डोळ्यास जे रंग ठाऊकच नाहीत ते ह्या पक्ष्यास दिसतात, असे ह्या प्रयोगांवरून २०२० साली सिद्ध झाले.

दिवस मावळला की पाण्यावरची वर्दळ थांबते. रात्री फुले दिसत नाहीत आणि दर पंधरा मिनिटांनी लागणारे अन्नही मिळत नाही. मग हा पक्षी सकाळपर्यंत जगतो कसा? त्याची युक्ती अशी की, गरज पडली तर तो जगण्याचा खर्चच कमी करतो. अंगाची ऊब उतरू देतो, श्वास मंद करतो. हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासाच्या आसपास येतात. त्या वेळी तो फांदीवर गोठल्यासारखा निश्चल बसलेला असतो आणि हात लावला तरी सहसा हालत नाही. पेरू देशाच्या उंच पर्वतात एका जातीच्या गुंजनपक्ष्याचे तापमान रात्री सुमारे तीन अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पहाटे तो अंग थरथरवून पुन्हा ऊब आणतो आणि पहिल्या उजेडास अन्नाच्या शोधात निघतो. म्हणून भल्या सकाळी बाटलीवर येणारा पक्षी हा रात्रीचे संकट ओलांडून आलेला प्रवासी असतो. त्या वेळी बाटली भरलेली असणे त्याच्या फार उपयोगी पडते.

शरद ऋतूत माणिककंठी पक्षी दक्षिणेस जाण्याची तयारी करतात. तेव्हा ते इतके खातात की तीन ग्रॅमचे शरीर जवळजवळ दुप्पट होते. ह्या चरबीच्या शिदोरीवर त्यांपैकी पुष्कळ पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे आठशे किलोमीटर न थांबता उडत जातात. वाटेत ना फूल, ना फांदी! अंगणात बाटली टांगून ठेवली तर पक्षी तिच्या मोहाने मागे राहतील, अशी भीती काहींना वाटते. ती व्यर्थ आहे. दिवस लहान होऊ लागले की प्रवासाची हाक त्यांना आतूनच ऐकू येते.

ज्याचे जीवन इतक्या काटेकोर हिशोबावर चालते, त्यास अन्न देणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. योग्य प्रमाण म्हणजे एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. रानफुलांतील मधाची गोडी साधारण इतकीच असते. मध घातला तर पाणी लवकर आंबते आणि त्यात बुरशी धरते. तांबूस साखरेतील लोह पक्ष्यास बाधते. लाल रंग मिसळण्याची तर मुळीच गरज नसते. बाटलीवर थोडा तांबडा रंग असला की पुरे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी फेकून बाटली स्वच्छ धुवावी लागते, नाहीतर ज्या पाण्याने पक्ष्यास जगवावे तेच त्यास रोगी करते. मुंग्या येऊ नयेत म्हणून बाटलीच्या वर पाण्याची लहान वाटी अडकवतात. आपल्याकडे दूधदुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, त्यातलीच ही युक्ती. मांजरापासून व खिडकीच्या फसव्या काचेपासून पक्ष्याचे रक्षण करणे, हेही बाटली टांगणाऱ्याचेच कर्तव्य असते.

माणसाच्या ह्या पाहुणचाराचे परिणाम दूरवर झाले आहेत. 'ॲना' ह्या नावाने ओळखला जाणारा गुंजनपक्षी विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात राहत असे. पुढे बागांतील परदेशी फुलझाडे व साखरपाण्याच्या बाटल्या ह्यांच्या आधाराने तो उत्तरेस सरकत गेला आणि आज कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळाही काढतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या संग्रहांतील पक्ष्यांशी तुलना करून असे दाखवले आहे की, जेथे बाटल्या विपुल आहेत तेथे ह्या पक्ष्याच्या चोचीही पिढ्यान्‌पिढ्या बदलून अधिक लांब व निमुळत्या झाल्या आहेत. खिडकीबाहेर टांगलेली एक साधी बाटली! पण अशा असंख्य बाटल्यांनी एका पक्ष्याचा मुलूख आणि त्याचे रूप, दोन्ही पालटली. माणसाचा लहानसा दयाळूपणाही सृष्टीत कोठेतरी आपली खूण उमटवीतच असतो; म्हणून दयेस नेहमी विचाराची जोड हवी.

महाराष्ट्रात गुंजनपक्षी नाही; पण जास्वंदीच्या किंवा पांगाऱ्याच्या फुलावर वाकडी चोच खुपसणारा चकचकीत शिंजीर पुष्कळांनी पाहिला असेल. त्यालाच कित्येक जण चुकून हमिंगबर्ड म्हणतात. दोघांची कुळे अगदी भिन्न आहेत. परंतु फुलांतील मधावर जगण्याचा धंदा एकच, म्हणून रूपातही साम्य आले. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो, क्वचितच क्षणभर हवेत थांबतो. तो दिवसातून किती वेळा त्याच फुलाकडे येतो? कोणाला हुसकावतो आणि कोणाला येऊ देतो? पहाटे आधी कोठे जातो? ह्या प्रश्नांसाठी बाटलीचीही गरज नाही. परसातील एक फुलझाड, एक वही आणि स्वस्थ बसण्याची सवय एवढे पुरेसे आहे. शर्मनबाईंनी सात उन्हाळे अंगणात बसून केले ते हेच. जो प्राणी क्षणभरही थांबू शकत नाही, त्याला जाणून घेण्यासाठी पाहणाऱ्यास मात्र थांबावे लागते.